दर स्वस्त, जीवही स्वस्त?

कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रे असोत की हिंगणा-बुटीबोरीचे कारखाने, तेथील टाक्या, पाइप आणि लोखंडी सांगाडे गंजू नयेत म्हणून ठराविक काळाने रंगवावेच लागतात. हे काम ठेक्याने जाते आणि निविदा उघडली की पाहिला जातो तो एकच आकडा, सर्वांत कमी दर! हा दर कमी होतो कुठून, असा आमचा सवाल आहे. रंगाचा डबा सर्वांना जवळपास सारख्याच भावात मिळतो. मग कात्री लागते ती मजुराच्या सुरक्षापट्ट्याला, मास्कला आणि विम्याला.

बंद टाकीत थिनरची वाफ हवेपेक्षा जड म्हणून तळाशी साचते. माणूस बेशुद्ध पडतो. एका ठिणगीने भडका उडतो. तोंडाला बांधलेला रुमाल ही वाफ अडवीत नाही. वाळूचा मारा करून गंज काढताना उडणाऱ्या धुळीने सिलिकोसिस जडतो आणि तो बरा होत नाही. केंद्राच्या 2016 च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घातली; कारखान्यांचे रंग मात्र तिच्या बाहेरच राहिले.

कायद्याचा आधारही तोकडा. कंत्राटी कामगारांचा 1970 चा कायदा मुळात 20 मजुरांपासून लागू होता. नव्या संहितेत ही मर्यादा 50 झाली. रंगाऱ्यांची टोळी असते दहा-पंधरांची! म्हणजे ठेकेदाराचा परवाना तपासून भागणार नाही.

म्हणून ठेका देणाऱ्यांनी दराआधी विचारावे : टाकीत उतरण्यापूर्वी प्राणवायू व ज्वलनशील वायू कोण मोजणार? बाहेर पहारा कोण देणार? बेशुद्ध माणसाला वर कसे काढणार? उंचीवर दुहेरी दोरीचा पट्टा मिळणार काय? मजुरांना प्रशिक्षण, ईएसआय वा विमा आहे काय? मागील कामांतील अपघातांची नोंद दाखवा. सुरक्षेचा खर्च निविदेत स्वतंत्र लिहा, म्हणजे त्यावर घासाघीस होणार नाही.

1942 ते 1946 या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामगाराच्या कल्याणाला कायद्याचे रूप दिले. टाकीत उतरणारा बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. त्यानेही हवा मोजल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. गंजलेले लोखंड पुन्हा रंगवता येते. गेलेला माणूस परत आणता येत नाही.