पिकअपची ताकद आणि वस्तीची छाती

डिझेल पिकअपला बसवलेली धूर गाळण्याची यंत्रणा इंजिनाचा गळा आवळते, ती काढून टाकली की गाडी मोकळी पळते, असे छातीठोकपणे सांगणारे गॅरेजपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सगळीकडे भेटतात. हा प्रचार सर्वात जोरात चालला तो अमेरिकेत. म्हणून तिथलेच आकडे तपासू.

फोर्डच्या मोठ्या पिकअपमधले 1999 सालचे 7.3 लिटरचे डिझेल इंजिन 235 अश्वशक्तीचे होते. 2007 च्या नियमांमुळे काजळी अडवणारा फिल्टर आला. 2010 च्या नियमांमुळे युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइडचे नायट्रोजन आणि पाणी करणारी यंत्रणा आली. या सगळ्या यंत्रणेसह 2023 चे 6.7 लिटरचे इंजिन 500 अश्वशक्ती देते. इंजिन लहान झाले, धूर गाळला गेला आणि ताकद दुपटीहून जास्त वाढली. मग गळा कुणाचा आवळला?

तरीही अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2020 मध्ये अंदाज मांडला की, दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून ही यंत्रणा काढली गेली. वातावरणात जाणाऱ्या जादा नायट्रोजन ऑक्साइडचा अंदाज 5 लाख 70 हजार टन. काहींनी तर मुद्दाम काळा धूर सोडून सायकलवाल्यांच्या तोंडावर फेकण्याचा खेळ केला आणि त्याला स्वातंत्र्य म्हटले.

कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. रॅम पिकअपची इंजिने बनवणाऱ्या कमिन्सवर नियमांना चकवणारे सॉफ्टवेअर बसवल्याचा आरोप झाला. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण 1.675 अब्ज डॉलरचा दंड भरण्याची तडजोड केली. याच कमिन्सच्या भारतीय कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे. तेव्हा हा विषय सातासमुद्रापारचा आहे असे कुणी समजू नये.

डिझेलचा धूर कर्करोग घडवतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केले. हा धूर सर्वांना सारखा मिळत नाही. अमेरिकेत महामार्ग कृष्णवर्णीयांच्या वस्त्या फोडून नेले गेले. आपल्याकडे पहाटे रस्ता झाडणारी बाई कोण? सिग्नलवर फुगे विकणारे पोर कुणाचे? ट्रक टर्मिनलला, कचरा डेपोला खेटून वस्ती कुणाची? ताकद एकाची आणि काजळी दुसऱ्याची, ही वाटणी आम्हाला चांगलीच ओळखीची आहे.

आमच्याच चळवळीतले काही मित्र म्हणतात, हवा-प्रदूषण हा बंगलेवाल्यांचा विषय. आम्हाला हे मान्य नाही. बंगलेवाला खिडकी लावून हवा शुद्ध करणारे यंत्र सुरू करतो. पत्र्याच्या खोलीला ती सोय नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तळे सार्वजनिक होते म्हणून. मग हवा कुणाच्या मालकीची?

कर्जाचे हप्ते फेडत पिकअप चालवणारा भाऊ आमचाच आहे, हेही आम्ही विसरत नाही. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत फिल्टर पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही, गाडी अडते आणि दिवसाचा धंदा बुडतो. त्याचा संताप खरा आहे. पण त्यावर उपाय फिल्टर फोडणे हा नव्हे. तो संताप कंपनीच्या दारात गेला पाहिजे: यंत्रणेची हमी वाढवा, सुट्या भागांचे दर उतरवा, दुरुस्ती तालुक्याच्या गावात द्या.

आणि सरकारला आमचा सवाल: 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाले, पण डिझेल गाडीची पीयूसी चाचणी धुराची घनताच मोजते, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाही. युरियाची यंत्रणा बंद पाडलेली गाडीही तिथून सुटू शकते. न दिसणारे विष मोजायचेच नाही, असे ठरले आहे काय? चाचणी बदला. यंत्रणा काढून देणाऱ्या दुकानांना आधी पकडा, चालकाला नंतर.

अश्वशक्ती मोजता, तसा वस्तीतला श्वासही मोजा. तो मोजला जाईपर्यंत आम्ही विचारत राहू.

जय भीम!