पंचगंगेवर म्हणजे नेमकं कुठं?

मित्रांनो, भूगोलाच्या पेपरात प्रश्न येतो, 'कोल्हापूर कोणत्या नदीवर वसले आहे?' तुम्ही झटकन लिहिता, 'पंचगंगेवर'. मार्क मिळतो आणि विषय संपतो. पण जरा थांबा हं. नदीवर म्हणजे पाण्यावर ना? पाण्यावर होडी असते, शेवाळ असतं, फार तर डुंबणाऱ्या म्हशींची डोकी दिसतात. अख्खं शहर पाण्यावर कसं वसेल? ते तर काठावर आहे. तरी तुम्ही 'नदीवर' लिहिलंत, सरांनी बरोबरची खूण केली आणि कुणालाच काही खटकलं नाही!

ही गंमत आपल्याकडच्या शास्त्रकारांनी फार पूर्वी हेरली होती. संस्कृत साहित्यशास्त्रात तिचं एक ठरलेलं उदाहरण आहे : गंगेवर गवळीवाडा आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट नावाचे पंडित होऊन गेले. त्यांच्या 'काव्यप्रकाश' या ग्रंथातही हाच गवळीवाडा भेटतो. मला मात्र तो वाचताना आपली गंगावेश आठवते. तिथल्या दूधकट्ट्यावर खऱ्याखुऱ्या म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढलेलं, फेसाळ दूध पेल्यानं प्यायला मिळतं. शास्त्रकारांचं उदाहरण कोल्हापुरात असं जिवंत उभं आहे!

तर शास्त्रकार म्हणाले, शब्दाच्या अंगी शक्ती असते. शब्द उच्चारताच जो सरळ, कोशातला अर्थ कळतो, तो सांगणारी शक्ती म्हणजे अभिधा. 'नदी' म्हणजे वाहतं पाणी, झालं. पण कधीकधी हा सरळ अर्थ वाक्यात बसतच नाही, अडतो. मग आपलं मन त्याच्या शेजारचा, त्याच्याशी नातं असलेला अर्थ शोधतं. नदी अडली, काठ सापडला. ही लक्षणा. ध्यानात ठेवा, आधी सरळ अर्थ अडावा लागतो. तो नीट बसत असेल तर लक्षणेला कामच नाही.

आता म्हणाल, हे सगळं पुस्तकी. छे! तुम्ही दिवसभर लक्षणेवरच जगता. चपलांच्या दुकानात 'कोल्हापुरी दाखवा' म्हटलं तर पायताण समोर येतं. तेच सराफाकडे म्हणा, साज येईल. खानावळीत 'एक तांबडा, दोन पांढरा' अशी ऑर्डर दिली तर वाढपी रंगाचे डबे आणत नाही, रस्साच आणतो. आणि 'तालमीनं मॅच मारली' हे तर कळसच. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, ती फुटबॉल कशी खेळेल? पण आपल्या पेठांतले फुटबॉल संघ तालमींच्या नावानं ओळखले जातात, म्हणून कोल्हापूरच्या पोराला हे वाक्य कळायला क्षणही लागत नाही. बाहेरगावच्या पाहुण्याला मात्र समजावून सांगावं लागतं.

यातही दोन तऱ्हा आहेत. 'नाद खुळा' म्हणताना आपण कुणाला वेडा ठरवत नाही. म्हणून म्हणून तो अर्थ पक्का झाला, तो रूढीनं आला. 'पंचगंगेवर' मध्ये मात्र हेतू असतो. 'काठावर' म्हटलं की फक्त जागा कळते. 'पंचगंगेवर' म्हटलं की गारवा, घाट, नदीची सोबत हे सगळं न सांगता येतं. हे 'न सांगता येणं' म्हणजेच तिसरी शक्ती, व्यंजना. मम्मटांच्या आधी, नवव्या शतकात, काश्मीरच्याच आनंदवर्धनांनी 'ध्वन्यालोक' लिहिला, तो हिच्यासाठीच. काव्याचा प्राण इथं आहे, असं त्यांचं म्हणणं.

काव्याचं राहू द्या, आपण जरा प्रयाग चिखलीला जाऊ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची पंचगंगा होते, ती इथं. (पाचांत गंगा एकही नाही, तरी नाव पंचगंगा. पाहा, नावातही लक्षणा!) शेजारी आंबेवाडी. पूर आला की या गावांना पाण्याचा वेढा पडतो. समजा, अशाच एका घरात भर पावसात आजी दारातून आत येऊन म्हणते, "पाणी पायरीला लागलं गं." चारच शब्द. धाकटा ऐकतो आणि पाणी बघायला पळतो. त्याला अभिधा पुरते. काका उठून गोठ्याकडे जातात, त्यांना ऐकू आलं, 'जनावरं सोडा.' आई रेशनकार्ड आणि वह्या-पुस्तकं पिशवीत भरू लागते, तिला ऐकू आलं, 'निघायची वेळ झाली.' आजी यातलं काहीच बोलली नाही. ही व्यंजना. ऐकणाऱ्यापाशी अनुभव असेल तरच ती पोचते.

म्हणूनच सरकारी इशारा व्यंजनेवर सोडत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. आकड्याचा अर्थ एकच. तिथं अभिधाच हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शाहूपुरीसारख्या भागांत घरं बुडाली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. एरवी 'नदी गल्लीत आली' असं कुणी म्हटलं तर आपण हसलो असतो. त्या आठवड्यात सरळ अर्थ कुठंच अडत नव्हता. उलट 'कोल्हापूर बुडालं' हे वाक्य मात्र अभिधेनं खरं नव्हतं. शहराचे उंचावरचे भाग कोरडे होते. पण फोनवर हे वाक्य ऐकणाऱ्या परगावच्या नातलगानं ते अक्षरशः घेतलं तर त्याचा जीव टांगणीला लागणारच. आईबाबांनो, तुम्हीही असे निरोप पुढं पाठवताना फूट आणि गल्ली सांगा, बरं का.

माझ्या मते शाळेत हा धडा उलट्या टोकानं शिकवतात. आधी व्याख्या पाठ, मग कवितेतली उदाहरणं. तुम्ही आधी कान लावा, व्याख्या मागून येईल. सुरुवातीला ही चार वाक्यं वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढं शक्तीचं नाव लिहा. 'शाळा सुटली.' 'रंकाळा काठोकाठ भरला.' 'सगळी पेठ रात्रभर जागी होती.' आणि चौथं, तुम्ही खेळत असताना आई स्वयंपाकघरातून म्हणते ते, 'आज अभ्यास नाही वाटतं कुणाला?'