समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, तरी बँड फुटला. 'बिग स्टार'चं नेमकं काय चुकलं?

'दॅट सेव्हन्टीज शो' ही अमेरिकन मालिका पाहिली असेल, तर तिचं शीर्षकगीत लक्षात असेलच. ते मूळ गाणं १९७२ सालचं. मेम्फिसच्या 'बिग स्टार' या बँडचं. पण ते आलं, तेव्हा फारसं कुणी ऐकलंच नाही.

गाणी वाईट होती का? तर नाही. रेकॉर्ड दुकानातच पोहोचली नाही.

सुरुवात कशी झाली?

मेम्फिस म्हणजे ब्लूज आणि सोल संगीताचं शहर. तिथं १९७१ मध्ये ख्रिस बेल, ॲलेक्स चिल्टन, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स एकत्र आले. चिल्टन आधीच नावाजलेला होता. 'बॉक्स टॉप्स' या बँडसाठी त्यानं सोळाव्या वर्षी गायलेलं 'द लेटर' १९६७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

बँडनं नाव घेतलं स्टुडिओजवळच्या सुपरमार्केटचं. संगीत होतं पॉवर पॉप. म्हणजे बीटल्ससारख्या गोड चाली आणि सोबत गिटारचा दणका. पहिल्याच अल्बमचं नाव ठेवलं 'नंबर वन रेकॉर्ड'!

गाडी कुठे अडली?

अल्बम बाजारात नेण्याचं काम 'स्टॅक्स' कंपनीकडे होतं. स्टॅक्सची ताकद सोल संगीतात. रॉकचे श्रोते आणि दुकानं हे तिच्यासाठी वेगळंच जग होतं. त्यात स्टॅक्सनं वितरणासाठी बलाढ्य 'कोलंबिया'शी करार केला. हा करार करणारे कोलंबियाचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांची १९७३ मध्ये हकालपट्टी झाली आणि पुढे दोन्ही कंपन्यांचं बिनसलं. १९७४ चा दुसरा अल्बम 'रेडिओ सिटी' या भांडणात अडकला. समीक्षक कौतुक करत होते, पण ते वाचून दुकानात गेलेल्यांना रेकॉर्ड मिळत नव्हती.

मग फुटला कसा?

पहिल्या अपयशानं खचलेला बेल १९७२ च्या अखेरीस बाहेर पडला. दुसऱ्या अल्बमनंतर हमेल शिक्षण पूर्ण करायला गेला. उरलेल्या दोघांनी १९७४ मध्ये तिसरा अल्बम रेकॉर्ड केला, पण तो प्रसिद्ध झाला थेट १९७८ मध्ये. तोवर बँड संपला होता आणि स्टॅक्सचंही दिवाळं निघालं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेल कार अपघातात गेला. वय अवघं २७.

पुढे काय झालं?

रेकॉर्ड हातोहात फिरत राहिल्या. 'आरईएम'सारख्या बँडनी त्यांचं ऋण मान्य केलं, 'बँगल्स'नी 'सप्टेंबर गर्ल्स' नव्यानं गायलं. २००३ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या सर्वोत्तम ५०० अल्बमच्या यादीत बिग स्टारचे तिन्ही अल्बम होते.

आज गाणं जगभर टाकायला कंपनीची परवानगी लागत नाही. पण ते कुणाच्या फीडवर दिसणार, हे कलाकाराच्या हातात अजूनही नाही. त्यामुळे एखाद्या गाण्याला व्ह्यूज कमी असतील, तर 'लोकांना आवडलं नाही' म्हणण्याआधी ते लोकांपर्यंत पोहोचलं होतं का, हे विचारायला हवं. बिग स्टारच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा बँड उरला नव्हता.