पडद्याखाली मराठी अक्षर हवे

ऑक्टोबर महिना उजाडला की राज्यभरातील शाळांमध्ये वाचनाची महती सांगणाऱ्या भाषणांना बहर येतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा केला जातो. त्या दिवशी व्यासपीठावरून दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांचा यथेच्छ उद्धार होतो, मुलांच्या हाती पुस्तके देऊन छायाचित्रे काढली जातात आणि सायंकाळी तीच मुले, तेच शिक्षक व तेच प्रमुख पाहुणे आपापल्या घरी आपापल्या पडद्यासमोर जाऊन बसतात. जो उपदेश उपदेशकालाच एक दिवस पाळता येत नाही, तो मुलांनी वर्षभर पाळावा, अशी ही अजब अपेक्षा आहे.

या उपदेशाचे फलित काय, याचा ताळेबंद एकदा तरी मांडला पाहिजे. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. महासाथीनंतर, २०२२ मध्ये, ते ४२.८ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. म्हणजे पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना आजही तीन इयत्ता मागचा परिच्छेद सलग वाचता येत नाही. हा प्रश्न खेड्यातील शाळांचा आहे, असे समजून शहरी मध्यमवर्गाने सुस्कारा सोडण्याचे कारण नाही. इंग्रजी माध्यमात शिकणारी, घरात अस्खलित मराठी बोलणारी मुले मराठी वृत्तपत्राचा मथळा वाचताना जोडाक्षरापाशी अडखळतात, तेव्हा 'त्याला मराठी वाचायची सवय नाही' हे वाक्य आईवडील काहीशा कौतुकानेच उच्चारतात. निरक्षरतेचे असे कौतुक करणारा समाज विरळाच म्हणावा लागेल.

पडद्याला शत्रू ठरवून ही लढाई जिंकता येणार नाही. घराघरांत शिरलेला पडदा आता बाहेर जाणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, मूल त्याच्यासमोर जो वेळ घालवणारच आहे, त्या वेळात त्याच्या डोळ्यांपुढे मराठी अक्षर असेल की नसेल?

या प्रश्नाचे एक उत्तर याच देशात शोधले गेले आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक राहिलेल्या ब्रिज कोठारी यांना अमेरिकेत शिकत असताना मित्रांसमवेत एक स्पॅनिश चित्रपट पाहताना प्रश्न पडला : खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिश शब्दच उमटले, तर स्पॅनिश शिकणाऱ्यांचा अधिक लाभ होणार नाही का? त्यातूनच पुढचा विचार सुचला. हिंदी गाण्याखाली हिंदी शब्द दिसू लागले, तर अर्धवट साक्षर असलेले कोट्यवधी लोक मनोरंजन होता होता वाचू लागतील. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती चित्रपटगीतांच्या कार्यक्रमात हा प्रयोग झाला आणि २००२ पासून 'चित्रहार'च्या रूपाने तो देशभर पोहोचला. गायक जो शब्द उच्चारी, त्या शब्दाचा रंग त्याच क्षणी बदले. गाणे आधीच पाठ असल्यामुळे प्रेक्षक आवाजावरून अक्षराचा माग काढी. या उपक्रमाच्या प्रवर्तकांनी प्रसिद्ध केलेले आकडे विचार करायला लावणारे आहेत. आरंभी एकही अक्षर वाचू न शकणाऱ्या मुलांपैकी पाच वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर केवळ शाळेच्या बळावर २४ टक्के मुले चांगली वाचू लागली. हा कार्यक्रम आठवड्याला अर्धा तास पाहणाऱ्यांत हेच प्रमाण ५६ टक्के होते. या आकड्यांविषयी कोणी शंका घेतली, तरी यासाठी वेगळी इमारत, वेगळा शिक्षक वा वेगळा तास लागला नाही, एवढे तर निर्विवाद आहे.

महाराष्ट्रातही २०१३ ते २०१५ या काळात 'झी टॉकीज' वाहिनीवरील मराठी चित्रपटांखाली मराठी शब्द दाखवण्याचा प्रयोग झाला. ज्या राज्यात वाचनसंस्कृतीवर दरवर्षी डझनावारी परिसंवाद झडतात, त्या राज्यात या प्रयोगाची चर्चा किती परिसंवादांत झाली? वाहिन्यांनी तो आपणहून सार्वत्रिक केला नाही, शासनाने आग्रह धरला नाही आणि पालकांनी मागणी केली नाही.

वस्तुतः या पद्धतीत मराठी मनाला परके वाटावे असे काहीही नाही. ज्ञानेश्वरीच्या पारायणात व्यासपीठचालक ओवी वाचतो आणि समोर बसलेले वाचक आपापल्या पोथीतील ओळीवर दृष्टी ठेवून त्याच्यामागे वाचत जातात. शाळेची पायरी फारशी न चढलेला माणूसही कानावर पडलेली, पाठ असलेली ओवी डोळ्यांनी शोधता शोधता अक्षराला सरावतो. आधी कान, मग डोळा आणि मग स्वतंत्र वाचन, हा क्रम या समाजाने शतकानुशतके अनुभवला आहे. पडद्याखाली उमटणारी ओळ त्याच क्रमाचे नवे साधन आहे. शिवाय देवनागरीत उच्चार आणि अक्षर यांचे नाते अत्यंत जवळचे आहे आणि जिथे ते थोडे सैल होते, तिथेच ऐकण्यापाहण्याची जोड सर्वाधिक उपयोगी पडते. 'चाक' आणि 'चंद्र' या दोहोंतील 'च' लिहायला एक, उच्चाराला वेगळा. हा भेद व्याकरणाच्या नियमाने मुलाच्या गळी उतरत नाही, शब्द एकाच वेळी ऐकून आणि पाहून सहज अंगवळणी पडतो.

आज मात्र चित्र उलटे आहे. मोबाइलवर वा दूरचित्रवाणी संचावर मराठी चित्रपट लावला, तर त्याखाली बहुधा इंग्रजी ओळी धावतात. मराठी गाण्याचे बोल शोधले, तर ते अनेकदा रोमन लिपीत सापडतात. मूल मराठी ऐकते आणि डोळ्यांनी इंग्रजी वाचते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, त्याचेही स्वागत झाले. परंतु मराठी मुलाच्या डोळ्यांसमोर दररोज तासन्‌तास उजळणाऱ्या पडद्यावर मराठी अक्षराला जागा नसेल, तर हा अभिजातपणा भिंतीवर टांगलेल्या मानपत्रासारखाच राहील.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, खाली ओळी उमटल्या तरी मूल चित्रेच पाहील, वाचणार नाही. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांच्या नेत्रहालचाली नोंदवून फार पूर्वीच दाखवून दिले आहे की, ओळ समोर आली की नजर आपोआप तिच्याकडे वळते. त्यासाठी वेगळा निश्चय करावा लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाचनाच्या नावाखाली पडद्याला मोकळे रान मिळेल, ही भीती अनाठायी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील बाळांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक दाखवू नये. अक्षरओळख नसलेल्या वयात पडद्याखालील ओळींचा उपयोगही नाही. म्हणून मर्यादा हवीच, किंबहुना ती पाळूनच हा उपाय करावयाचा आहे. जो एक तास ठरला असेल, तो अक्षरासह असावा, एवढेच येथे म्हणणे आहे.

तसेच, ओळी वाचता येणे म्हणजे वाचनसंस्कृती नव्हे, हेही स्पष्ट असले पाहिजे. ती पायरी आहे. पायरीवरून पुस्तकाच्या दालनात नेण्याचे काम घरातील माणसांचे आहे. 'श्यामची आई' हा १९५३ चा चित्रपट पाहून झाला की साने गुरुजींचे पुस्तक त्याच आठवड्यात मुलाच्या हाती पडावे. २०१७ च्या चित्रपटात तरुण झालेला फास्टर फेणे पाहिला की भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला शाळकरी फेणे त्याला भेटावा. 'बोक्या सातबंडे' चित्रपट संपला की दिलीप प्रभावळकरांचा मूळ बोक्या वाचायला मिळावा. 'बालभारती'च्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक तर संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत. ज्या पडद्याला नावे ठेवली जातात, त्याच पडद्यावर मराठी बालसाहित्याचे हे भांडार उघडे आहे. ते किती घरांत उघडले जाते, याचे उत्तर पालकांनी स्वतःलाच द्यावे.

आता मागणी कोणाकडे करावयाची? केंद्र शासनाने दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या आधारे २०१९ मध्ये दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी सुगम्यता मानके जाहीर केली आणि श्रवणबाधितांसाठी कार्यक्रमांखाली शब्द देण्याची दिशा टप्प्याटप्प्याने आखून दिली. जी ओळ ऐकू न येणाऱ्याला संवाद पोहोचवते, तीच ओळ वाचू न शकणाऱ्याला अक्षर शिकवते. तेव्हा मराठी वाहिन्यांना आणि 'सह्याद्री'ला मराठी कार्यक्रमांखाली मराठी ओळी द्या, असे सांगण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रेक्षकांच्या हजारो पत्रांचा रेटा मात्र हवा, आणि तो निर्माण करणे हे संघटित समाजाचे काम आहे.

कार्यकर्त्यांनी तर वाहिन्यांसाठीही थांबू नये. वस्तीतील संस्कारवर्गात आठवड्यातून अर्धा तास मुलांना पाठ असलेली गाणी मराठी बोलांसह पडद्यावर दाखवणे, शब्दाबरोबर बोट फिरवायला लावणे आणि अखेरीस तेच बोल छापील कागदावर वाचून घेणे, यासाठी कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी रिमोट हिसकावून घेण्यात जी शक्ती खर्च होते, ती शेजारी बसून ओळ वाचण्यात खर्च करावी. पडद्याच्या नावाने बोटे मोडत पिढ्या गेल्या, अक्षर काही वाढले नाही. त्याच पडद्यावर आता मराठी अक्षर बसवले पाहिजे. ते बसवण्याचा निर्धार पुढच्या ऑक्टोबरच्या भाषणांपूर्वी झाला, तर त्या भाषणांना निदान काही अर्थ उरेल.