केवडा ढग मोजत नाही

द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली. मजुरांच्या टोळ्या ठरताहेत आणि त्याच धांदलीत फवारणीचं वेळापत्रकही ठरून जातं, तेही बहुतेक वेळा मागच्या हंगामातलं. हवामान मात्र मागचं राहिलेलं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या पावसात केवडा रोगानं घडच्या घड गेले, तेव्हा आपण त्याला अपवाद म्हणालो. २०१९ ला पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली. आता अपवाद हा शब्द जरा जपूनच वापरावा.

ढग दिसला की ब्लोअर बाहेर काढायचा, ही आपली सवय. पण केवडा ढग मोजत नाही, तो पान किती तास ओलं आहे ते मोजतो. रात्रीच्या दमट अंधारात पानाखाली बीजाणू तयार होतात. त्यातून सुटलेले चल बीजाणू पानावरच्या पाण्यातून पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. तापमान २०-२५ अंश असलं की तीन-चार तासांचा ओलावा त्यांना पुरतो. पाऊस पडलाच पाहिजे असं नाही, दवावरही भागतं. भुरी या दुसऱ्या रोगाला असलं पाणी लागतच नाही, म्हणून ढगाळ पण कोरड्या आठवड्यात ती डोकं वर काढते.

दोन्हींना एकच औषध चालेल, हा गैरसमज महागात पडतो. केवडा मुळात खरी बुरशीच नाही. बुरशीनाशकांचा ट्रायझोल गट ज्या एर्गोस्टेरॉलच्या निर्मितीवर घाव घालतो, ते केवड्यात तयारच होत नाही. म्हणजे केवड्यावर ट्रायझोल मारणं म्हणजे निव्वळ डिझेल जाळणं. उलट मेटॅलॅक्झिलसारखी खास केवड्याची औषधं लागोपाठ मारली की ती लवकरच बोथट होतात. दुकानात ब्रँड बदलला, पण डब्यावरचा गट तोच राहिला, तर काहीच बदललं नाही.

पानावर तेलकट डाग दिसला आणि खात्री वाटत नसेल, तर ते पान ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी डागाच्या खालच्या बाजूला पांढरी लव दिसली, तर तो केवडा. पानओलावा मोजणारा सेन्सर असेल तर उत्तमच. नसेल तर पहाटे सहाला बागेत जाऊन घडाजवळच्या पानांवर बोट फिरवा, आणि पानं कधी सुकली ती वेळ लिहून ठेवा. बगलफुटी वेळेवर काढलेल्या बागेत ही वेळ बरीच अलीकडे येते. हा फायदा औषधाच्या कुठल्याच बिलात दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

बोर्डो मिश्रण करताना विळ्याचं पातं बुडवून बघायची जुनी रीत सोडू नका. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

डिसेंबर अंकासाठी आम्हाला तुमच्या वहीची पानं हवी आहेत: छाटणीची तारीख, पहिला डाग दिसला तो दिवस, आणि त्याआधीच्या तीन रात्री पानं किती तास ओली होती. औषधांची यादी नाही पाठवली तरी चालेल.