कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर आणि धाराशिवच्या ३१,४८८ बायका

पीएचडी करणाऱ्या ओळखीच्या कुणाला विचारून बघा, नीतिमत्तेच्या कोर्समध्ये काय शिकलास? मला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "१० टक्क्यांच्या खाली आणायचं." म्हणजे सॉफ्टवेअरने दाखवलेलं साम्य. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. डिसेंबर २०१९ मध्ये यूजीसीने संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा ३० तासांचा कोर्सही सक्तीचा केला. आता एआयकडून वाक्यं फिरवून घेतली की काम झालं, असं समजणारेही आहेत.

चोरी पकडायलाच हवी. पण धाराशिव जिल्ह्यात याहून मोठा धडा पडून आहे, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही.

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ समूह करून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नजरेने तपासणी. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना अभ्यासातून तपासणी नाही. हाच कंट्रोल ग्रुप.

आठ वर्षांनी हिशेब झाला. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि जगभर गाजले. आज जागतिक आरोग्य संघटना तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते.

मग आक्षेप आले. २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मधल्या एका लेखाने मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतलं दिंडीगुल इथल्या अशा तीन अभ्यासांचा हिशेब मांडला: तपासणी न झालेल्या गटांत मिळून २५४ मृत्यू. पॅप स्मिअर उपयोगी आहे हे कित्येक दशकं माहीत असताना एक गट तसाच का ठेवला? संशोधकांची बाजू अशी, की भारतातल्या खेड्यांत तेव्हा तपासणी होतच नव्हती, त्यामुळे कुणाचं काही काढून घेतलं नाही; आणि गरीब भागात कोणती चाचणी चालेल हे शोधायचं होतं.

दुसरा मुद्दा मला पटतो. पहिला नाही. सरकारने दिलं नाही म्हणून आपणही देऊ नये, हे शास्त्राचं उत्तर नाही. तीन चाचण्यांची आपापसात तुलना करता आली असती. (शून्याशी तुलना केली की आकडे स्पष्ट दिसतात, हेही खरंच.)

तुळजापुरात टिस आहे, धाराशिवात विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तिथले विद्यार्थी आज मोबाइलवर गुगल फॉर्म घेऊन गावात जातात. 'मी सहमत आहे' यावर टिक कोण करतं, ती बाई की सर्व्हे घेणारा? मला विचाराल तर, ३० तासांपैकी तीन या एका अभ्यासाला द्यावेत. अर्ध्या वर्गाने संशोधकांची बाजू मांडायची, उरलेल्यांनी चौथ्या गटातल्या बाईची. आणि तिला सांगायचं संमतीपत्र मराठीत लिहून, मोठ्याने वाचून दाखवायचं: तुमच्या गटात तपासणी होणार नाही, ती कुठे मिळते, नाही म्हणालात तरी चालेल.