सब्र म्हणजे नुसती वाट पाहणे नव्हे

चार सामने हरले की ‘मॅनेजरला काढा’ असा गलका आपल्या घरांतली फुटबॉलवेडी मुलेही करतात. त्यांना मँचेस्टर युनायटेडची हकीकत सांगावी. ॲलेक्स फर्ग्युसन तिथे १९८६ मध्ये आले. तीन वर्षांत एकही करंडक मिळाला नाही. १९८९ मध्ये प्रेक्षकांनी मैदानातच त्यांना निरोपाचा फलक दाखवला. संचालकांनी मात्र सब्र राखला. १९९० मध्ये एफए कप आला, १९९३ मध्ये लीग. २०१३ पर्यंत लीगची १३ विजेतेपदे झाली. पडत्या काळातही फर्ग्युसन कोवळे खेळाडू घडवत होते. एका चाचणीत गुण कमी पडले की आपण लेकराला नालायक ठरवतो. त्यालाही मुदत देऊ या. पण रोज त्याच्या शेजारी बसून.